मालदीवच्या एकांत, पर्यावरणस्नेही रिसॉर्टमध्ये राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुकिंग करण्याआधी, केल्यावर आणि कधी कधी थेट बेटावरून लोक जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. यातल्या बऱ्याच उत्तरांत «रिसॉर्टला आधी विचारा» असं येईल. ही टाळाटाळ नव्हे. इतके पैसे मोजताना नेमके प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे, आणि बेट खरोखर जपलं जातंय की नाही हे ओळखण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

१. «एक बेट, एक रिसॉर्ट» म्हणजे काय? बेटावर गाव, दुकानं काहीच नसतं का?

नसतं. मालदीवमध्ये सुमारे १२०० बेटं आहेत आणि लोकवस्ती २०० हूनही कमी बेटांवर आहे. उरलेल्यांपैकी काही निर्मनुष्य बेटं सरकार पर्यटनासाठी भाडेपट्ट्यानं देतं आणि तिथे एकच रिसॉर्ट उभं राहतं. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून हीच पद्धत रूढ आहे. वीजनिर्मिती, पिण्याचं पाणी, सांडपाण्याची सोय, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, त्यांची मशीद, छोटा दवाखाना, सगळं त्याच जमिनीवर. बरीच बेटं अर्ध्या तासात पायी फिरून होतात. विसरलेलं औषध किंवा चष्मा आणायला कोपऱ्यावर दुकान नाही, हे सामान भरताना लक्षात ठेवा.

२. कोणत्या महिन्यात जावं?

साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येकडून वारे वाहतात. या काळाला तिथे इरुवाई म्हणतात. आकाश बहुतेक निरभ्र, समुद्र शांत, आणि दर सर्वांत चढे. मे ते ऑक्टोबर हा नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे हुलहंगूचा काळ. पाऊस येतो, कधी दिवसभरही मुक्काम ठोकतो, पण पाणी उबदारच असतं आणि दर बरेच उतरतात.

फक्त उन्हासाठी जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. समुद्री जीव पाहायचे असतील तर मात्र माझं मत पावसाळ्याच्या बाजूनं आहे, त्याचं कारण प्रश्न १४ मध्ये.

३. व्हिसा आधी काढावा लागतो का?

नाही. पर्यटकांना उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा विनाशुल्क मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं पक्कं बुकिंग हाताशी ठेवा. एक गोष्ट मात्र आधी करावी लागते: «इमुगा» या सरकारी संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र, प्रवासाआधीच्या ९६ तासांत. येताना एकदा, परतताना पुन्हा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत, तिथे कार्डाचा क्रमांक टाकू नका.

४. विमानतळावरून बेटावर कसं पोचायचं?

मालेजवळच्या वेलाना विमानतळावरून तीन मार्ग आहेत. जवळच्या बेटांना स्पीडबोट, मधल्या अंतरावरच्या बेटांना सीप्लेन, आणि फार दूरच्या बेटांना देशांतर्गत विमान व पुढे बोट. यातला मार्ग बहुधा तुम्ही निवडत नाही, बेटाचं अंतर निवडतं. ट्रान्सफर रिसॉर्टच ठरवतं आणि त्याचे पैसे खोलीच्या दरात बहुतेक वेळा धरलेले नसतात.

सीप्लेन म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं, ट्विन ऑटर जातीचं, पंधराएक प्रवाशांचं छोटं विमान. सामानाची मर्यादा साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो. जास्तीच्या किलोंना पैसे पडतात. विमानात आवाज मोठा असतो आणि मधल्या बेटांवर थांबे घेतले जातात, त्यामुळे «३० मिनिटांचा» प्रवास तासाभराचा होऊ शकतो. तरीही वरून दिसणारी ॲटॉलची, म्हणजे गोलाकार प्रवाळबेटांची, निळी कडी पाहायची संधी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

इंधनाचा विचार करत असाल तर जवळचं बेट आणि स्पीडबोट हा साधा पर्याय आहे. शंभर सौरपट्ट्यांच्या जाहिरातीपेक्षा कधी कधी हे एक अंतर जास्त मोलाचं ठरतं.

५. आमचं विमान संध्याकाळी उतरतं. त्याच दिवशी सीप्लेन मिळेल?

मिळणार नाही. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी साडेतीननंतर उतरणाऱ्यांनी त्या दिवशीची आशा धरू नये. मग माले किंवा शेजारच्या हुलहुमालेत एक रात्र काढावी लागते, आणि रिसॉर्टमधली ती रात्र आधीच बुक केलेली असेल तर तिचे पैसे वाया जातात. परतीलाही तेच: सकाळी लवकरचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आदल्या दिवशीच बेट सोडावं लागतं. म्हणून आधी ट्रान्सफरची वेळ विचारा, मग विमानाचं तिकीट काढा. लोक नेमका उलटा क्रम धरतात.

आणखी एक बारीक गोष्ट. काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना सूर्यप्रकाश उशिरापर्यंत मिळतो. विमानाची वेळ मात्र मालेच्या घड्याळानं चालते. फोनवरची वेळ कोणती आहे ते पोचल्यावर विचारून घ्या.

६. संकेतस्थळावरचा दर आणि शेवटचं बिल यांत इतका फरक का पडतो?

दरापुढे «प्लस प्लस» अशी दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवा शुल्क आणि पर्यटन क्षेत्राचा जीएसटी अजून मिळवायचा आहे, असं समजा. जुलै २०२५ पासून हा कर १७ टक्के आहे आणि तो सेवा शुल्कासह होणाऱ्या रकमेवर लागतो. म्हणजे एकूण वाढ २७ नव्हे, २८.७ टक्के.

शिवाय ग्रीन टॅक्स. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी, दर रात्री १२ डॉलर आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना माफ. उदाहरण घ्या: दर ६०० डॉलर दाखवला आहे. सेवा शुल्क धरून ६६०, कर धरून ७७२.२०, दोघांचा ग्रीन टॅक्स २४. एका रात्रीचे ७९६ डॉलर झाले, आणि यात ट्रान्सफर नाही, प्लॅनबाहेरचं जेवण नाही. रेस्टॉरंट, स्पा आणि सहलींच्या दरांवरही हेच सेवा शुल्क आणि हाच कर लागतो.

मागण्याजोगी गोष्ट एकच: «सर्व करांसह, ट्रान्सफरसह, दोघांची एकूण रक्कम» लेखी मागा. चांगली रिसॉर्टं ती एका दिवसात पाठवतात. बिल डॉलरमध्ये होतं. तिथलं चलन रुफिया, पण रिसॉर्टमध्ये त्याची गरज पडत नाही. मालदीवमधून निघतानाचे विमानतळाचे कर बहुतेक वेळा तिकिटातच असतात.

७. जेवणाचा कोणता प्लॅन घ्यावा? आम्ही शाकाहारी आहोत.

बेटावर दुसरं हॉटेल नाही, त्यामुळे फक्त नाश्त्याचा प्लॅन घेऊन «बाहेर बघू» असं म्हणता येत नाही. मद्य घेत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्हचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, आणि दुपारी हलकं काहीतरी स्वतःच्या खर्चानं, हे बहुतेकांना पुरतं. प्लॅन कोणकोणत्या रेस्टॉरंटमध्ये चालतो हे मात्र विचारा. अनेकदा तो फक्त मुख्य बुफेपुरता असतो.

शाकाहाराची सोय चांगली होते, पण आधी कळवा. भाज्या, डाळी, दूध हे सगळं बोटीनं येतं, ऐन वेळी आणता येत नाही. ज्या रिसॉर्टची स्वतःची भाजीची बाग आहे तिथे ताज्या पालेभाज्या आणि मशरूम मिळतात. स्थानिक जेवणात मात्र मासा सगळीकडे असतो. मस हुनी हा टूना आणि खोबऱ्याचा नाश्ता, गरुधिया हे माशाचं सूप. भाजीतही वाळवलेला टूना घातलेला असू शकतो, तेव्हा विचारूनच घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी: टूना निर्धास्त मागवा. मालदीवचे कोळी टूना पिढ्यानपिढ्या जाळ्यानं नव्हे, गळानं एकेक करून पकडतात. त्यामुळे कासवं आणि डॉल्फिन त्यात अडकत नाहीत. रीफवरच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरच्या माशांबद्दल, विशेषतः ग्रूपरबद्दल, मी स्वतः हात आखडता घेतो. ते सावकाश वाढतात आणि त्यांची मागणी रीफला झेपत नाही.

८. प्रत्येक रिसॉर्ट स्वतःला «इको» म्हणवतं. खरं कोणतं, कसं ओळखायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर खोलीतल्या बांबूच्या टूथब्रशमध्ये नाही. बेटावर चार गोष्टी खऱ्या वजनदार आहेत: वीज, पाणी, कचरा आणि रीफ.

वीज. मालदीवमध्ये ती अजूनही मोठ्या प्रमाणात आयात डिझेलवर चालते. सौरऊर्जा आहे का, असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी «हो» येतं. विचारा: वर्षभराच्या विजेपैकी किती टक्के सौर? काही बेटांनी मुख्य इमारतीचं अख्खं छप्पर सौरपट्ट्यांचं केलं आहे. काहींनी फक्त बागेतले दिवे.

पाणी. नद्या नाहीत, भूजल म्हणजे वाळूखाली तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. तो उपसला तर खारं पाणी वर येतं. म्हणून समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात आणि त्याला वीज लागते. तेच पाणी बेटावरच काचेच्या बाटल्यांत भरलं जातं का, हा चांगला प्रश्न. सोनेवा फुशी या रिसॉर्टच्या समूहानं २००८ पासून बाहेरून बाटलीबंद पाणी आणणं थांबवलं. आता अनेकांनी हा मार्ग धरला आहे. ज्यांनी अजून धरला नाही त्यांना कारण विचारायला हरकत नाही.

कचरा. मालेजवळचं थिलाफुशी हे बेट कचऱ्याच्या भरावातून वाढलेलं आहे. अनेक रिसॉर्टांचा कचरा तिथे जात आला आहे. ओल्या कचऱ्याचं खत बेटावर होतं का, काचेचं काय होतं, धातू कुठे जातो? ज्यांच्याकडे खरंच व्यवस्था आहे ते लोक ती दाखवायला उत्सुक असतात. कचरा-व्यवस्थापनाची फेरी पाहुण्यांसाठी ठेवणारी रिसॉर्टं आहेत, आणि ती फेरी जरूर करावी.

रीफ. तिथे पगारी सागरी जीवशास्त्रज्ञ आहे का? तो फक्त स्नॉर्केलिंगच्या (नळीतून श्वास घेत, तरंगत पाण्याखालचं पाहण्याच्या) सहली नेतो की रीफची नोंदही ठेवतो? लगूनमधलं, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यातलं, समुद्री गवत उपटलं जातं का? हा शेवटचा प्रश्न फार बोलका आहे. पाणी एकसारखं फिरोजी दिसावं म्हणून कित्येक ठिकाणी हे गवत काढून टाकत. पण ते हिरव्या कासवांचं खाद्य आहे, पिलांसाठी आसरा आहे आणि वाळू धरून ठेवतं. सिक्स सेन्सेस लामू या रिसॉर्टनं ते राखायचं ठरवलं आणि इतरांनाही राखायला सांगितलं. फोटोत लगूनमध्ये काळपट पट्टे दिसले तर तो दोष मानू नका, तिथे कासव दिसायची शक्यता जास्त.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. ग्रीन ग्लोब, अर्थचेक, ग्रीन की यांची तपासणी बाहेरचे लोक करतात, म्हणून त्यांना किंमत आहे. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांना मान्यता देते. ती स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही, तेव्हा तसा दावा दिसला तर थोडं थांबा.

९. वॉटर व्हिला घ्यावा की बीच व्हिला?

पाण्यावरच्या खोलीचं आकर्षण मला कळतं. पायऱ्या उतरल्या की समुद्र. पण दोन्हीचा हिशेब मांडून बघा.

वॉटर व्हिला खांबांवर उभा असतो. खांब रोवताना आणि नंतर त्याच्या सावलीत प्रवाळ व समुद्री गवताचं नुकसान होतं. शेकडो मीटर लांबीचा लाकडी पूल, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, आणि खाली उजाड वाळू, असं चित्र अनेक ठिकाणी आहे. राहणाऱ्याच्या दृष्टीनंही दिवसभर ऊन, वारा असेल तर लाटांचा आवाज, आणि शेजारच्या डेकवरून दिसणारे तुम्ही.

बीच व्हिला झाडीत असतो. सावली मिळते, एसी कमी लागतो, खासगीपणा जास्त, आणि बहुतेक वेळा दरही कमी. एकांत हवा असेल तर माझा कौल निःसंशय बीच व्हिलाला. मनात वॉटर व्हिलाच असेल तर मुक्काम विभागून घ्या: बहुतेक रात्री किनाऱ्यावर, शेवटची एखादी पाण्यावर. सामान हलवायचं काम रिसॉर्टचे लोक करतात. मुलं बरोबर असतील तर आधी प्रश्न १८ वाचा.

१०. नळाचं पाणी प्यावं का?

खोलीत भरून ठेवलेलं काचेच्या बाटलीतलं पाणी प्या. ते कुठून येतं ते प्रश्न ८ मध्ये आहे. घरून धातूची बाटली न्या.

११. पोहता येत नाही. मग जाऊन उपयोग काय?

आहे. लगून बहुतेक ठिकाणी छातीएवढ्या पाण्याचं असतं आणि लाइफ जॅकेट घालून मार्गदर्शकाबरोबर वरून तरंगत रीफ पाहता येते. पण बुकिंगआधी एक चौकशी करा: हाउस रीफ, म्हणजे बेटाची स्वतःची रीफ, किनाऱ्यापासून किती दूर आहे? काही बेटांवर ती वीस-तीस मीटरवर असते, काहींवर बोटीनंच जावं लागतं. पोहायला न येणाऱ्याला आणि रोज स्नॉर्केलिंग करू इच्छिणाऱ्यालाही हा फरक खोलीच्या आकारापेक्षा मोठा आहे.

प्रवाळावर उभं राहू नका, कितीही दमलात तरी. दगडासारखं दिसतं ते जिवंत आहे, आणि फिन्सच्या एका फटक्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते. दम लागला तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. रीफच्या कडेला, दोन बेटांमधल्या खाडीत प्रवाह जोराचा असू शकतो, तिथे एकट्यानं जायचं नाही.

१२. कोणतं सनस्क्रीन चालतं?

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं नसलेलं, झिंक ऑक्साइडचं घ्या. पलाउ या देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून या दोन रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. पण त्याहून चांगला उपाय कापडाचा आहे: लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लेगिंग्ज. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या सर्वांत आधी भाजतात, आणि कापड धुऊन जात नाही.

१३. किनाऱ्याजवळ शार्क दिसतात म्हणे. धोका आहे का?

उथळ पाण्यात दिसतात ती बहुधा काळ्या टोकाच्या शार्कची पिलं. माणूस जवळ आला की पळतात. २०१० पासून मालदीवमध्ये शार्कच्या मासेमारीला बंदी आहे. त्यांना खायला घालू नका, आणि कोणी रिसॉर्टच्या धक्क्यावर रोज संध्याकाळी खायला घालून «शो» करत असेल तर तक्रार वहीत जरूर लिहा.

१४. मांटा रे आणि व्हेल शार्क नक्की कुठे, कधी?

मांटा (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे, चपटे मासे) पाहायला बा ॲटॉल. २०११ मध्ये युनेस्कोनं त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. तिथल्या हनिफारू उपसागरात साधारण जून ते नोव्हेंबर, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) साचलं की मांटा गोळा होतात, कधी कधी डझनांनी, आणि तोंड उघडं ठेवून एकामागे एक गोल फिरत खातात. नैऋत्य वारे आणि भरतीचा प्रवाह प्लवक त्या खोलगट जागेत लोटतात, म्हणून हा हंगाम पावसाळ्याचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, तेव्हाच्या तारखा धरल्या तर शक्यता वाढते. हमी कोणीच देऊ शकत नाही.

तिथे स्कूबा डायव्हिंगला परवानगी नाही, फक्त स्नॉर्केलिंग. प्रमाणित मार्गदर्शक लागतो, प्रवेश शुल्क असतं आणि पाण्यात राहण्याची वेळ ४५ मिनिटं. हे नियम कडक वाटतात, पण त्यांच्यामुळेच मांटा अजून तिथे येतात. तीन मीटरचं अंतर राखा, पाठलाग करू नका. शांत तरंगत राहिलं तर तेच जवळ येतात.

व्हेल शार्कसाठी दक्षिण आरी ॲटॉल. तिथे ते वर्षभर दिसतात. तिथली अडचण बोटींच्या गर्दीची आहे. तुमचं रिसॉर्ट सकाळी किती लवकर निघतं आणि एका वेळी किती जणांना पाण्यात उतरवतं, हे विचारून मगच सहल घ्या.

१५. प्रवाळ पांढरं पडलंय म्हणतात. पाहण्यासारखं काही उरलंय का? आणि «कोरल फ्रेम दत्तक घ्या» याला पैसे द्यावेत का?

१९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे मालदीवमधलं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं, २०२४ मध्येही पुन्हा तसं झालं. प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी शैवालं बाहेर टाकतं तेव्हा रंग जातो. उष्णता लवकर ओसरली तर ते सावरतं, रेंगाळली तर मरतं. उथळ भागात मेलेली, राखाडी प्रवाळं तुम्हाला दिसतील, हे आधीच सांगतो. मासे, कासवं, रे मात्र भरपूर आहेत, आणि प्रवाहाच्या खाड्यांजवळ व थोड्या खोलीवर जिवंत रीफही सुंदर आहे.

फ्रेमबद्दल. लोखंडी चौकटीला वाळूचा थर देऊन तिच्यावर प्रवाळाचे तुकडे बांधतात आणि ते वाढतात. लगूनपुरता उपयोग होतो, माशांना आसरा मिळतो, मुलांना शिकायला मिळतं. संपूर्ण रीफ मात्र यातून परत येत नाही, आणि पुढच्या उष्ण लाटेत याच फ्रेमवरची प्रवाळंही मरू शकतात. पैसे देण्याआधी विचारा की तुकडे कुठून घेतात. आपोआप तुटून पडलेले घेत असतील तर ठीक. शिवाय जुन्या फ्रेमचे फोटो मागा. वर्षागणिक नोंद ठेवणाऱ्यांना द्या, समारंभ करून विसरणाऱ्यांना देऊ नका.

१६. फोटोतला किनारा आमच्या खोलीसमोर नव्हताच! फसवणूक म्हणायची का?

बहुतेक वेळा नाही. मालदीवमधल्या बेटांची वाळू वाऱ्याच्या हंगामाप्रमाणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. फेब्रुवारीत रुंद असलेला किनारा ऑगस्टमध्ये नाहीसा होतो आणि पलीकडे उगवतो. ही वाळूही बऱ्याच अंशी जीवांची देणगी आहे. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो आणि पचनानंतर बारीक पांढरी वाळू टाकतो. मालदीवमध्ये या माशाच्या मासेमारीला बंदी आहे ती याचसाठी.

किनारा जागेवर धरून ठेवायला काही ठिकाणी वाळूच्या पिशव्या, दगडी बांध, समुद्रतळातून वाळू उपसून ओतणं असे उपाय होतात, आणि उपसलेल्या वाळूचा गाळ प्रवाळावर बसून ते गुदमरतं. म्हणून बुकिंग करताना विचारा: «आम्ही येतो त्या महिन्यात कोणत्या बाजूला किनारा असतो?» प्रामाणिक रिसॉर्ट खोलीचा क्रमांक सुचवून उत्तर देतं.

१७. डास असतात का?

दाट झाडी असलेल्या बेटांवर असतात, विशेषतः पावसानंतर. मलेरिया नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मालदीवला मलेरियामुक्त जाहीर केलं. डेंगी मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. धुराची फवारणी मधमाश्या आणि फुलपाखरांनाही मारते. त्यामुळे सापळे लावणारं आणि साचलेलं पाणी रोज तपासणारं रिसॉर्ट अधिक चांगलं. क्रीम सोबत ठेवा.

१८. लहान मुलांना नेता येईल का?

रिसॉर्टवर अवलंबून. काही ठिकाणी फक्त प्रौढांना प्रवेश आहे, आणि बऱ्याच ठिकाणी वॉटर व्हिलात ठरावीक वयाखालच्या मुलांना राहू देत नाहीत, कारण डेकला कठडा नसतो. हा नियम सुरक्षेचा आहे, त्यात सूट मागू नका. मुलांसाठी बीच व्हिला, उथळ लगून आणि बेटावर डॉक्टर, या तिन्ही गोष्टी पक्क्या करा. मोठं हॉस्पिटल मालेला आहे आणि रात्री सीप्लेन नाही (प्रश्न ५).

१९. मद्य, सिगारेट, व्हेप, ड्रोन, देवाची मूर्ती: यातलं काय नेता येतं?

मद्य नेता येत नाही, ड्यूटी फ्रीमधून घेतलेलंही नाही. कस्टम्स ते ठेवून घेतं आणि परतताना पावती दाखवून मिळतं. रिसॉर्टमध्ये मात्र मद्य मिळतं.

व्हेपवर २०२४ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे, पर्यटकांनाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकत घेणं आणि वापरणं मना आहे, आणि हा नियमही पाहुण्यांना लागू होतो. ड्रोनला आधी परवानगी लागते. परवानगी असली तरी पक्षी बसतात त्या वाळूच्या बेटांवर तो उडवू नका.

मूर्तीबद्दल अनेक जण विचारतात. पूजेसाठीच्या मूर्ती देशात आणायला मनाई आहे. सोबत छोटी मूर्ती घेऊन प्रवास करायची सवय असेल तर या वेळी ती घरी देव्हाऱ्यातच राहू द्या. डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि कुत्राही नेता येत नाही.

२०. किनाऱ्यावर पडलेले शंख, प्रवाळाचे तुकडे आणले तर चालेल का?

नाही. प्रवाळ आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर नेणं बेकायदा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. रिकामा शंख म्हणजे पुढच्या खेकड्याचं घर, तेव्हा तोही तिथेच ठेवा.

२१. रमजानमध्ये गेलो तर जेवणाखाण्याची अडचण होते का?

रिसॉर्टमध्ये नाही, सगळं नेहमीसारखं सुरू असतं. कर्मचाऱ्यांचे उपवास असतात हे मनात ठेवून वागा. वस्तीच्या बेटावर सहलीला जाणार असाल तर दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नका. एरवीही वस्तीच्या बेटांवर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, पोहण्याचे कपडे फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर. शुक्रवारी दुकानं बराच वेळ बंद असतात.

२२. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह करून दुपारच्या सीप्लेननं निघता येईल?

नाही, आणि यात वाद घालू नका. डायव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा: एकच डायव्ह असेल तर उडण्याआधी किमान १२ तास, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास थांबा. सीप्लेन खालून उडत असलं तरी ते उड्डाणच आहे, आणि पुढे मोठं विमान असतंच. शेवटचा दिवस स्नॉर्केलिंगला ठेवा. डायव्हिंगचा विमा वेगळा घ्यावा लागतो, साध्या प्रवास विम्यात तो अनेकदा नसतो.

२३. हवा बिघडली आणि ट्रान्सफर रद्द झालं तर?

सीप्लेन उशिरा निघतं किंवा बदली बोट दिली जाते. परतीच्या विमानाच्या आधी भरपूर वेळ राखा, विशेषतः मे ते ऑक्टोबरमध्ये. चुकलेल्या विमानाचे पैसे रिसॉर्ट सहसा देत नाही, म्हणून विम्यात «जोडविमान चुकणं» हा भाग आहे का ते पाहा.

२४. हे सगळं वाचून वाटतं, वस्तीच्या बेटावरचं गेस्टहाउसच बरं. ते जास्त पर्यावरणस्नेही नाही का?

कधी कधी हो. माणशी वीज-पाणी कमी, सार्वजनिक फेरीबोट, आणि पैसा थेट गावात. ग्रीन टॅक्सही कमी: ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसला माणशी ६ डॉलर. मात्र तिथे मद्य नाही, खासगीपणा कमी, आणि कचऱ्याची व्यवस्था त्या त्या बेटावर अवलंबून. चांगलं चालवलेलं रिसॉर्ट आपली रीफ राखतं, कारण तिच्यावरच त्याचं पोट आहे. निष्काळजी गेस्टहाउसही असतात. दोन्हीकडे प्रश्न ८ मधले प्रश्न तसेच लागू पडतात. बजेट आणि एकांताची गरज यांवर ठरवा. तीन-चार रात्री गावात आणि दोन रिसॉर्टवर, असा मुक्काम जमत असेल तर तो मी सर्वांना सुचवतो, फक्त दोन्ही बेटं एकाच ॲटॉलमध्ये घ्या, म्हणजे मधला प्रवास बोटीवर भागतो.